करकंब ते लाल देऊळ

करकंबहून कुणी पुण्याला निघालं की पहिला प्रश्न येतो, "ससूनला का?" आमचंही तेच होतं. मामांच्या डोळ्याच्या पडद्याचं दुखणं, म्हणून पहाटेची एसटी धरली. टेंभुर्णीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडलो, मग हायवे लागला. भिगवणच्या अलीकडे उजनीचं पाणी दिसलं तसे मामा खिडकीकडे सरकले. पळसदेवचं जुनं देऊळ या पाण्यात आहे. उन्हाळ्यात धरण आटलं की वर येतं. मामांचं घरही याच धरणात गेलं, ते काही वर येत नाही.

केसपेपर, रांग, तपासणी यात दुपार झाली. परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून रिक्षानं कॅम्पात लाल देवळाकडे गेलो. हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ओहेल डेव्हिड. परवानगीवाचून आत सोडत नाहीत, त्यामुळे फाटकातूनच पाहिलं: लाल विटांचा उंच मनोरा, त्यावर घड्याळ. "हे तर चर्च की रं," मामा म्हणाले. दिसतंही तसंच.

ज्याच्या नावाच्या दवाखान्यात सकाळ गेली, तो डेव्हिड ससून याच आवारात पुरलेला आहे. बगदादच्या बड्या ज्यू घराण्यातला हा माणूस तिथल्या सुभेदार दाऊद पाशाच्या जाचामुळे पळाला आणि इराणच्या बुशहर बंदरातून १८३२ साली मुंबईला आला. कापूस आणि अफूवर अमाप पैसा केला. चीनला गेलेल्या त्या अफूचा विषय दानशूरपणाच्या गोष्टींत कुणी काढत नाही. १८६४ साली तो पुण्यातच वारला. ससून रुग्णालय आणि हे देऊळ, दोन्ही १८६७ची.

बगदादमध्ये जे ज्यू मागे राहिले त्यांचे हाल मामांना सांगत होतो. जून १९४१मध्ये बगदादला दंगल झाली, शंभरावर ज्यू मारले गेले. त्या दंगलीला 'फरहूद' म्हणतात. इस्रायल झाल्यावर तर तिथं राहणंच मुश्कील झालं. १९५०मध्ये इराकनं कायदा केला: जायचं तर नागरिकत्व सोडून जा. १९५०-५१मध्ये सुमारे १ लाख २० हजार माणसं विमानांनी इस्रायलला गेली. अडीच हजार वर्षांची वस्ती उठली.

"आन् जमिनी, घरं? मोबदला?"

"कसला मोबदला! जाणाऱ्यांची नावं नोंदवून झाली, आणि मार्च १९५१मध्ये सरकारनं मालमत्ताच गोठवली."

"आमाला निदान नोटीस तरी आली हुती," मामा म्हणाले. मग हडपसरच्या गाडीतळापर्यंत त्यांच्या पुनर्वसनाच्या जमिनीचाच विषय चालला. सातबाऱ्यावरचा शेरा अजून उतरलेला नाही.