रंगीत चौकोनांचा वंश

चि. सईस,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, तू कॉम्प्युटरवर टाकायला लावलेलं ते विनडरस्टॅट केलं कुणी? आणि फुकट का देतात?" तेव्हा थोडक्यात सांगितलं, पण तो प्रश्न मनातून जाईना. म्हणून हे पत्र.

डिस्कची जागा कशाने भरली ते विनडरस्टॅट रंगीत चौकोनांत दाखवतं. त्या चौकोनांची सुरुवात अमेरिकेतली. १९९० साली मेरिलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत ८० मेगाबाइटची एक हार्ड डिस्क होती आणि ती वापरणारे १४ जण. आज तुझ्या फोनवरच्या वीस-पंचवीस फोटोंनी ती भरेल. जागा कुणी अडवली ते कळेना, तेव्हा त्यांनी अख्खी डिस्क एका चौकोनात मांडली. आपल्या शेताच्या वाटण्या आठव. आधी भावांचे उभे तुकडे, मग प्रत्येकाच्या तुकड्यात त्याच्या मुलांचे आडवे. तसंच हे, फक्त इथे जेवढी फाइल मोठी तेवढा तिचा तुकडा मोठा. याला ट्रीमॅप म्हणतात.

पुढचा भाग नेदरलँड्समधल्या तुझ्या आइंडहोव्हनचा! नुसत्या चौकोनांच्या गर्दीत कुठला तुकडा कुठल्या फोल्डरमधला, ते डोळ्याला उमगत नसे. १९९९ मध्ये तिथल्या तंत्रविद्यापीठातल्या यार्के व्हॅन वाइक आणि हुब व्हॅन दे वेटरिंग यांनी तुकड्यांना अशी छायाप्रकाशाची छटा दिली की ते फुगीर दिसू लागले आणि कोण कुणाच्या पोटात आहे ते एका नजरेत कळू लागलं. असे तुकडे दाखवणारं त्या विद्यापीठाचं सिक्वोयाव्ह्यू हे सॉफ्टवेअर तेव्हा फुकट मिळायचं. तू त्याच गावात राहतेस आणि हे तुला कुणी सांगितलं नाही? आपल्या गावचं तर तू विसरत चाललीसच. निदान राहतेस त्या गावचं तरी विचारत जा.

मग लिनक्सवर डिस्कच्या जागेचा हिशोब दाखवणारं श्टेफान हुंडहामर यांचं केडरस्टॅट आलं. ते पाहून २००३ मध्ये बेर्नहार्ड झायफर्ट यांनी विंडोजसाठी विनडरस्टॅट लिहिलं. त्याचा परवाना जीपीएल आहे, म्हणजे कोड कुणीही वाचावा, बदलावा, त्याच अटींवर पुढे द्यावा. फुकट का, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच: प्रत्येकाला आधीच्याकडून काही मिळालं होतं, आणि ते अडवून ठेवावं असं त्यांना वाटलं नाही.

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ते कधी आलं? २००५ असेल, किंवा त्याच्या पुढचं वर्ष. परीक्षेच्या तोंडावर सर्व्हर भरला की सगळे पोरांवर घसरायचे, "सिनेमे टाकतात." एका दुपारी ते चित्र पडद्यावर उभं राहिलं. जवळजवळ अर्धा पडदा एकाच रंगाचा. ते होते आमच्या हेडक्लार्क भाऊसाहेबांनी ठेवलेले परीक्षेचे निकाल. त्याच फोल्डरच्या प्रती, प्रतींच्या प्रती. एखाद्या पोराचे गुण हरवले तर, या धास्तीने ते दर आठवड्याला नवी प्रत करत आणि जुनी कधी काढत नसत. पडद्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे सगळं माझंच?" मला अजून ते बोट दिसतं, शाईचा डाग असलेलं. कुणी हसलं नाही. आम्ही शेजारी बसून एकेक फोल्डर उघडून पाहिला, एक प्रत सर्व्हरवर ठेवली, एक सीडीवर घेतली आणि मग बाकीच्या काढल्या. त्या दिवसापासून पोरांवरचा आळ गेला. म्हणून मला हे सॉफ्टवेअर प्रिय आहे. ते कुणाला दोष देत नाही, आपण होऊन काही पुसत नाही. सगळं समोर मांडतं आणि निर्णय तुझ्यावर सोडतं.

तेव्हा फाइली काढताना घाई करू नकोस. विंडोजच्या फोल्डरमध्ये हात घालायचा नाही. पेजफाइल मोठी दिसली तरी ती यंत्राच्या कामाची आहे. "एका क्लिकवर सफाई" म्हणत पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. डाउनलोड्समधले जुने इन्स्टॉलर आणि दोनदा उतरलेले व्हिडिओ खुशाल काढ. पण आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग त्या चित्रात ठिपक्याएवढं दिसेल. त्या फाइलचं नावही नुसते आकडे आहेत. तिला आजीचं नाव दे, साल लिही, एक प्रत मला पाठव. आणि एकदा बसून पूर्ण ऐक. शब्द अडले तर फोन कर. फोन रविवारीच करायचा असा काही नियम नाही.

तिकडे थंडी वाढली असेल. जेवण वेळेवर घे. तुझ्या ऑफिसात कुणाची डिस्क भरली तर त्यालाही हे चित्र उघडून दाखव, आणि ते त्यांच्याच गावातून पुढे आलंय हेही सांग.

तुझा,
मामा

ता. क. काढलेल्या फाइली साधारणपणे आधी रिसायकल बिनमध्ये जातात. तो रिकामा केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही. पण रिकामा करण्याआधी एकदा उघडून बघ.