पसरणीचा घाट आणि साडेतेरा तास

वार्धक्यांत माणसानें काय करावें याविषयीं आमच्या घरांत पुष्कळ वर्षें एकमत होतें. सकाळीं स्नानसंध्या, मग वृत्तपत्र, दुपारीं वामकुक्षी आणि सायंकाळीं नातवंडांचे पाढे, हा क्रम आमच्या वडिलांनीं पाळला, थोरल्या बंधूंनीं पाळला, आणि शाळेंतून निवृत्त झाल्यावर आम्हीही तो तीन-चार वर्षें निमूटपणें पाळीत होतों. सन २०१८ च्या पावसाळ्यांत या एकमतास तडा गेला. त्यास कारण आमचा धाकटा पुतण्या. शनिवारीं पहाटे सायकल घेऊन जो तो बाहेर पडला तो मध्यरात्र उलटल्यावर चिखलानें माखून परत आला, आणि ‘कोठें होतास?’ या प्रश्नास उत्तर म्हणून त्यानें एक घडीचें कार्ड आमच्यापुढें धरलें. त्यावर गांवांचीं नांवें, तेथें पोहोंचल्याच्या वेळा आणि समोर सह्या होत्या. तीनशें किलोमीटर, वीस तासांच्या आंत! ज्यानें जन्मभर हजेरीपट भरला त्याला वेळेची आणि सहीची मोहिनी काय असते, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

या प्रकारास ‘ब्रेव्हे’ म्हणतात. शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ सनद. ही शर्यत नव्हे; पहिल्या येणाऱ्यास बक्षीस नाहीं कीं हार नाहीं. नेमलेलें अंतर नेमलेल्या अवधींत स्वतःच्या पायांनीं व स्वतःच्या शिदोरीवर पुरें करावयाचें आणि वाटेंतील ठाण्यांवर सह्या घ्यावयाच्या, एवढेंच. २०० किलोमीटरांस साडेतेरा तास, ३०० स २०, ४०० स २७ आणि ६०० स ४० तास मिळतात. याचें मूळ युरोपांत आहे. इ. स. १८९१ मध्यें पॅरिसच्या एका वृत्तपत्रानें पॅरिसहून ब्रेस्त बंदरापर्यंत आणि परत अशी सुमारें १,२०० किलोमीटरांची शर्यत भरविली. ती शार्ल तेराँ नामक स्वारानें ७२ तासांच्या आंत जिंकली. पुढें १८९७ मध्यें कांहीं इटालियन हौशी मंडळींनीं रोमहून नेपल्सपर्यंतचा प्रवास एका दिवसांत केला, आणि तेव्हांपासून अशा स्वारांस ‘ऑडॅक्स’ हें लॅटिन विशेषण लागलें. त्याचा अर्थ धाडसी. आमच्या घरीं मात्र त्याचें भाषांतर ‘अविचारी’ असें करण्यांत आलें.

तें भाषांतर आमच्या थोरल्या वहिनींचें. ‘भावजी, या वयांत लोक काशीस जातात,’ असें त्या म्हणाल्या. ‘काशी लांब आहे, वहिनी. आम्ही पांचगणीस जाऊन रात्रीं जेवावयास घरीं येतों,’ असें उत्तर आम्हीं दिलें खरें, परंतु त्या वेळीं ती निव्वळ फुशारकी होती. सौभाग्यवती कांहींच बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आम्हांस डॉक्टरांकडे नेलें, तेथें फिरत्या पट्ट्यावर चालवून आमच्या हृदयाची परीक्षा करविली, आणि तींत आम्ही उत्तीर्ण झालों तेव्हां कोठें त्यांनीं मौन सोडलें. साठी उलटलेल्या कोणाही वाचकास हा खेळ करून पाहण्याची इच्छा झाली, तर प्रारंभ याच परीक्षेपासून करावा.

सायकल आम्हांस नवी नव्हती. आमच्या लहानपणीं पुणें हें सायकलींचेंच शहर होतें. तासाच्या भाड्यानें सायकल मिळे, आणि रात्रीं दिव्यावांचून सांपडल्यास पोलीस चाकांतील हवा सोडून देत. ब्रेव्ह्याच्या नियमांत पुढें पांढरा दिवा, मागें तांबडा दिवा, अंगांत चमकत्या पट्ट्यांचें जाकीट आणि डोक्यास शिरस्त्राण अवश्य सांगितलें आहे. तें वाचून आम्हांस त्या पोलिसांची आठवण झाली. नवीन होतीं तीं दांतेरी चक्रें. आमची समजूत अशी कीं, जड चक्रावर सायकल रेटणें हेंच पुरुषार्थाचें लक्षण. पुतण्या म्हणे, ‘काका, पायडल दाबूं नका, फिरवा.’ त्याचें मर्म असें कीं, पुढें लहान व मागें मोठें चक्र घेतलें म्हणजे एका फेऱ्यांत सायकल थोडी सरकते, परंतु जोरही थोडा लागतो. डोंगराचें देणें तेवढेंच राहतें. तें हप्त्यांनीं फेडतां येतें. एक रकमी फेडावयास जो जातो त्याचे गुडघे जप्त होतात. हें आम्हांस सिंहगडाच्या पायथ्याशीं पाठ झालें आणि माथ्यापर्यंत पोहोंचतां पोहोंचतां समजलें. सप्टेंबरपासून प्रत्येक रविवारीं त्या नऊ-एक किलोमीटरांच्या चढावर आमची शाळा भरे. पहिल्या दिवशीं आम्ही चार वेळां उतरलों. दसऱ्यानंतर एकदां, आणि दिवाळीनंतर एकदांही नाहीं. वरती पिठलें-भाकरी आणि मडक्यांतील दहीं असतें, त्याचा मोह हाही अभ्यासास उपकारकच झाला.

खाण्याचें शास्त्र मात्र आम्हीं उशिरा मानलें. स्नायूंत जी साखर सांठलेली असते ती कष्टाच्या दोन-अडीच तासांत सरत येते. नंतर भूक लागल्यावर खावें म्हटलें तर पाय आधींच विझलेले असतात. म्हणून भुकेच्या आधीं खावें, तहानेच्या आधीं प्यावें, आणि घामावाटे मीठ जातें तें सरबतांतून परत घ्यावें. यासाठीं बाजारांत रंगीबेरंगी पुड्या मिळतात. आमच्या सौभाग्यवतींनीं त्या बाजूस सारल्या आणि दुधांत भिजवून दशम्या केल्या, राजगिऱ्याचे लाडू वळले, खजूर निवडला. दशमी हें आमच्या पूर्वजांचें प्रवासाचें अन्न. तें न वाळतां न विटतां खिशांत राहतें, याहून अधिक त्या पुड्यांत काय असणार?

डिसेंबरांतील एका रविवारीं सकाळीं ठीक सहाच्या ठोक्याला चाळीसएक स्वार पुण्याहून निघाले. पुणें ते पांचगणी शंभर किलोमीटर, आणि तितकेंच परत. काळोखांत कात्रजचा जुना बोगदा ओलांडला, शिवापूरच्या पलीकडे सूर्यदर्शन झालें, शिरवळाजवळ नीरा नदी उतरून सातारा जिल्ह्यांत आलों. हा सारा मार्ग सुखाचा, त्याविषयीं लिहावें असें थोडेंच. खंबाटकीच्या घाटांत उसानें भरलेले ट्रॅक्टर आमच्याहून थोड्याच वेगानें कण्हत चालले होते, तेवढाच दिलासा. सुरूरच्या फाट्यावरून उजवीकडे वळून वाईस आलों. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांनीं जेथें मराठी विश्वकोशाचा संसार मांडला तें हें गांव. ढोल्या गणपतीस रस्त्यावरूनच हात जोडून आम्हीं घड्याळ पाहिलें, तों ११ वाजून १० मिनिटें झालीं होतीं.

पांचगणीचें ठाणें १२ वाजून ४० मिनिटांनीं बंद व्हावयाचें होतें. ही वेळ तासीं पंधरा किलोमीटरांच्या हिशेबानें ठरलेली होती. आम्हीं त्रैराशिक मांडलें: राहिलेले किलोमीटर सुमारें बारा, मिनिटें नव्वद, म्हणजे तासीं आठ. सपाटीवर हा वेग पोरखेळ. परंतु पसरणी गांव मागें पडलें कीं, रस्ता पांच-सहाशें मीटर वर चढतो आणि त्याला आमच्या त्रैराशिकाशीं कर्तव्य नसतें.

या घाटाशीं आमचें जुनें नातें आहे. नोकरीचीं पहिलीं वर्षें आम्हीं घाटमाथ्यावरील एका शाळेंत काढलीं. राहण्याची खोली शाळेस लागूनच होती. वक्तशीरपणाविषयीं आमचा लौकिक मोठा. अकराची घंटा झाली कीं फाटक बंद, आणि जो बाहेर राहील त्यानें पहिला तास बाहेरच काढावयाचा. सन १९८४ च्या सुमारास आमच्या वर्गांत घाटाखालचा एक मुलगा होता. सायकलीच्या हँडलास दुधाच्या दोन किटल्या अडकवून तो घाट चढून येई, माथ्यावर दुधाचे रतीब घाली आणि मग शाळेंत येई. आठवड्यांतून दोन-तीन वेळां तरी त्याला दहा मिनिटें उशीर होई. ‘गुरुजी, घाट लई हाय,’ असें त्यानें एकदां सांगितलें. ‘मग अर्धा तास आधीं नीघ,’ असें आम्हीं म्हटलें, आणि वर्ग हंसला. दिवाळीनंतर तो शाळेंत आला नाहीं. आम्हांस त्याचें दूध ठाऊक होतें, किटल्या ठाऊक होत्या. घाटही ठाऊक होता, परंतु मोटारीच्या खिडकींतून.

घाटाच्या मध्यावर आमचा श्वास पुरेनासा झाला तेव्हां हा मुलगा आमच्याबरोबर चालूं लागला. आमच्या सायकलीस अठरा प्रकारचीं चक्रें होतीं, हँडलास एकही किटली नव्हती, पोटांत सौभाग्यवतींच्या दशम्या होत्या, आणि तरी एका वळणावर आम्हांस उतरावें लागलें. उजवीकडे खालीं कृष्णेचें खोरें, पलीकडे पांडवगड, दूर धोमचें पाणी चकाकत होतें. दृश्य अतिशय सुंदर होतें, पण त्या वेळीं आम्हांस तें नको होतें. आमची दृष्टि घड्याळावर होती. दोन तरुण स्वार ‘चला, सर, थोडंच राहिलं!’ असें म्हणून पुढें गेले. हें वाक्य घाटांत प्रत्येक जण प्रत्येकास सांगतो आणि तें नेहमीच खोटें असतें, तथापि त्यानें पाय चालतात. आम्ही पुन्हां चढलों. ठाण्यावर टेबल मांडून बसलेल्या मुलीनें कार्डावर १२ वाजून ३४ मिनिटें लिहून सही केली. ‘अजून सहा मिनिटं आहेत, सर, बसा निवांत,’ असें ती म्हणाली. आम्ही बसलों नाहीं, जवळजवळ पडलोंच.

परतीचा मार्ग थोडक्यांत सांगतों. उतारावर थंडी वाजली. खंबाटकीस परतीची वाट बोगद्यांतून होती, आणि त्या पोकळींत मालमोटारींचा जो घोष होतो त्यानें रामरक्षा आपोआप ओठांवर आली. दुपारनंतर समोरून वारा सुटला. कापूरहोळाजवळ मागील चाकांत तारेचा तुकडा शिरला. पुतण्या केव्हांच पुढें गेला होता. नियमाप्रमाणें तेंच योग्य. अंधारूं लागलेल्या उजेडांत थरथरत्या बोटांनीं ट्यूब बदलावयास आम्हांस पस्तीस मिनिटें लागलीं. ज्या गोष्टीचा सराव घरीं दहा वेळां करावयास हवा होता ती आम्हीं एकदांच, तीही पुतण्याकडून करवून, पाहिली होती. शिष्यास ‘नुसतें पाहूं नकोस, करून पाहा’ म्हणून सांगणारे आम्हीच!

अखेरच्या टेबलापाशीं पोहोंचलों तेव्हां ७ वाजून ४१ मिनिटें झालीं होतीं. मुदत ७ वाजून ३० मिनिटांची. तेथील तरुणानें खुर्ची दिली, चहा दिला, कार्ड हातांत घेतलें आणि अतिशय संकोचानें म्हणाला, ‘सर, अकरा मिनिटं.’ त्याला आमचें वय दिसत होतें, पंक्चर झाल्याचें हाताच्या काळिम्यावरून कळत होतें, आणि तरी त्यानें खोटी वेळ लिहिली नाहीं. त्याचें बरोबर होतें. घरीं येईपर्यंत आम्ही हेंच मनाशीं घोकीत होतों, पण जेवण गेलें नाहीं.

पंधरा दिवसांनीं आम्ही एस्. टी.नें वाईस गेलों आणि घाटाखालच्या त्या गांवांत चौकशी केली. पारावरच्या तिसऱ्या माणसास ‘सायकलीवरून दूध नेणारा’ म्हणतांच खूण पटली. आतां त्याची स्ट्रॉबेरीची बाग आहे, गोठ्यांत सहा गाई आहेत, केस पांढरे झाले आहेत. त्यानें आम्हांस ओळखलें, पायां पडला. आम्हीं मनांत जुळविलेलीं वाक्यें बोलूं लागलों तों तो म्हणाला, ‘छ्या, गुरुजी! फाटक बंद झालं की मी पठारावर जाऊन झोपायचो. शाळा सुटली ती बापाच्या आजारपणानं.’ आमचा जीव हलका होत आहे तोंच तो जरा थांबला आणि गाईच्या पाठीवर हात फिरवीत म्हणाला, ‘पन एक दिस पावसात बी तुमी आत घेतलं न्हाई. त्येवढं ध्यानात हाय.’ यावर बोलण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. ‘चुकलें,’ एवढेंच आम्ही म्हणालों. त्यानें मान हलविली आणि चहा सांगितला.

चहा पितां पितां आम्हीं त्याला पांचगणीच्या फेरीची हकीकत सांगितली. चक्रांविषयीं त्यानें बारकाईनें विचारलें. अठरा ऐकून त्याला आमच्याविषयींचा आदर थोडा कमी झालासा वाटला. मात्र अकरा मिनिटांचें ऐकतांच त्याचा चेहरा उजळला. ‘म्हंजी, गुरुजी, फाटक बंद!’ असें म्हणून तो इतक्या मोठ्यानें हंसला कीं आंतून त्याची मंडळी बाहेर आली. निघतांना त्यानें स्ट्रॉबेरीची एक पेटी आमच्या हातीं दिली, पैसे घेतले नाहींत. एस्. टी.ला उशीर होता. थांब्यावर तो आमच्याजवळ उभा राहिला, आणि पुढच्या खेपेस आम्ही किती वाजतां घाट चढावयास लागणार हें त्यानें दोनदां विचारून घेतलें.