कट एकदाच शिजतो!

फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणजे अर्धा वेळ कोड लिहायचा आणि अर्धा वेळ तो कंपाईल होताना बघत बसायचं! आमच्या ग्रुपने पीएमपीएमएलच्या बसमार्गांवर प्रोग्राम करायला घेतला. कात्रजहून निगडीला कमीत कमी बस बदलून कसं जायचं? भाषा हॅस्केल. (ज्युनियर्सनो, दचकू नका, १९९० पासूनची आहे ती.)

हॅस्केलची खरी मजा जीएचसीआयमध्ये. एक ओळ टाका, लगेच उत्तर! पण तिथे कोड इंटरप्रीट होतो, म्हणून मार्ग शोधणारं आमचं मॉड्यूल अगदी रखडायचं. यावर उपाय ‘ऑब्जेक्ट-कोड’ आणि ऑप्टिमायझेशन हे दोन फ्लॅग. जीएचसीआय मग मॉड्यूल नीट कंपाईल करून डिस्कवर ठेवतं आणि पुढच्या वेळी न बदललेलं तसंच उचलतं. मोबदल्यात ब्रेकपॉइंट चालत नाहीत.

तरी सगळं पुन्हा कंपाईल का व्हायचं? प्रत्येक मॉड्यूलसोबत एक इंटरफेस फाईल असते. वापरलेल्या फ्लॅगची खूण तिच्यात असते. एक जण ऑप्टिमायझेशन लावून उघडणार, दुसरा न लावता... की काही आवृत्त्यांत पहिल्यापासून सुरुवात! नव्या आवृत्त्यांत जीएचसीआय हा फरक मनावर घेत नाही.

दुसरी गोम बारीक आहे. ऑप्टिमायझेशन चालू असलं की छोट्या फंक्शनचा मजकूरही इंटरफेसमध्ये जातो, म्हणजे दुसऱ्या मॉड्यूलला तो जागच्या जागी वापरता येतो. त्यामुळे आत एक ओळ बदलली तरी ते इम्पोर्ट करणारी मॉड्यूल्सही पुन्हा कंपाईल होऊ शकतात. वेग हवा तर ही गुंतवणूक आलीच.

मिसळवाला काय करतो? कट सकाळी एकदाच शिजवतो, गिऱ्हाईक आलं की फरसाण-कांदा वरून! आम्हीही तेच केलं. मार्ग शोधणारं जड मॉड्यूल सगळ्यात खाली, सतत बदलणारे आकडे सगळ्यात वर.

ओरलला एक्स्टर्नल म्हणाले, “स्वारगेटला थांबायचा वेळ दुप्पट करा बरं.” आमच्या चार वर्षं जुन्या लॅपटॉपवर एकच मॉड्यूल कंपाईल झालं आणि उत्तर आलं. सरांनी पुढचा आकडा सांगितला, मग आणखी एक. प्रोग्राम खरंच चालतो, हे त्यांना आकडे बदलूनच पटलं.

तेव्हा मित्रांनो, नवीन लॅपटॉपसाठी घरी हट्ट धरण्याआधी आपल्या कोडमध्ये काय बदलतं आणि काय बदलत नाही, ते एकदा कागदावर मांडा!