छबीने धुतलेली अंडी

गेल्या वर्षी आपल्या शाळेची सहल प्रतापगडला गेली, तेव्हा मी आले नाही. मला ताप आला होता असे मी सर्वांना सांगितले. ते खरे नव्हते. गुरुजी म्हणाले, "भित्तिपत्रकासाठी स्वतःचा अनुभव लिहा. ऐकीव नको." म्हणून खरे कारण आज लिहीत आहे.

आमच्या घरी एक तांबडी कोंबडी आहे. मागच्या दिवाळीआधी ती खुडूक झाली. आजीने जुन्या पाटीत भाताचे तूस पसरले, त्यावर ११ अंडी मांडली आणि कोंबडीला बसवले. आजी अंडी नेहमी विषमच ठेवते. ९, ११ नाहीतर १३. का, असे विचारले तर म्हणते, "माझी आई ठेवायची."

आजी मला म्हणाली, "ही अंडी तुझी बरं का. पिल्लं निघाली की तूच राखायची. सहलीपातूर तलंगा हुतील. चार इकू, तुझं पैसं निघतील."

मला फार आनंद झाला. कोंबडीची पिल्ले २१ दिवसांनी निघतात. मी कॅलेंडरवर रोज एका तारखेवर फुली मारू लागले. आठव्या रात्री आजीने अंधारात एकेक अंडे बॅटरीवर धरून पाहिले. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या. दोन अंडी नुसती कोरी दिसली, ती आजीने काढून टाकली. उरली नऊ.

आमच्या शेजारच्या काकूंची धाकटी मुलगी म्हणजे छबी. तेव्हा ती पाच वर्षांची होती. दिवसभर ती माझ्या मागे मागे असे. मी अंडी पाहायला गेले की तीही वाकून पाही. पण "याला हात लावायचा नाही" असे मी तिला कधी सांगितले नव्हते. तिला ते कळतच असेल असे मला वाटले.

पहिल्या अंघोळीच्या दिवशी दुपारी मी पिठाची गिरणी उघडी आहे का ते पाहायला गेले होते. परत आले तर पाटी रिकामी! कोंबडी परसात दाणे टिपत होती. छबी रांजणाजवळ बसली होती. तिच्यापुढे पाण्याने भरलेली बादली होती. धुण्याच्या दगडावर सात अंडी ओळीने उन्हात वाळत होती. दोन फुटून खाली पडली होती. त्यांत काय होते ते मी इथे लिहीत नाही.

मी तिला काहीही विचारले नाही. जोरात एक चापट मारली. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग मी दुसरी मारली, तेव्हा रडली.

रडणे ऐकून काकू आल्या. "लेकराला मारायचं काय कारण? अंड्यांचीच किंमत ना? देऊ की भरून!" माझी आईही चिडली. "भरून द्यायचं सोडा, पोरीला जरा वळण लावा." बोलण्याने बोलणे वाढले. शेवटी काकू छबीला ओढत घेऊन गेल्या आणि त्यांच्या घराचे दार दिवसाढवळ्या लागले.

आजीने मात्र भांडणात तोंड घातले नाही. तिने ती सात अंडी पदराने पुसली आणि हलक्या हाताने पुन्हा कोंबडीखाली सारली.

दरवर्षी आमच्या दोन घरांत फराळाची ताटे जातात-येतात. आमच्या करंज्या त्यांच्याकडे, त्यांच्या कडबोळ्या आमच्याकडे. त्या दिवाळीत ताट गेले नाही आणि आलेही नाही. आई झाकलेल्या ताटाकडे दोनदा बघून गेली, पण कुणाला ने म्हणाली नाही.

रात्री आजी काकूंच्या ओट्यावर जाऊन आली. तिने छबीलाच जवळ घेऊन विचारले होते, "का गं बाळा, अंडी का धुतलीस?"

छबी म्हणाली, "समद्यांनी अंघोळ केली. पिल्लांचीच राहिली हुती. मी उटणं बी लावलं."

हे ऐकून मला आधी हसू आले. मग माझ्या हातातली करंजी तशीच राहिली. मी विचारले असते तर हे मला दुपारीच कळले असते.

भाऊबीज झाल्यावर आठवड्याचा बाजार होता. संध्याकाळी काकू आल्या. त्यांनी नऊ पांढरी अंडी आणून आमच्या उंबऱ्यावर ठेवली. "मोजून घ्या," म्हणाल्या. मी म्हणणार होते, की ही पोल्ट्रीची अंडी आहेत, तिथे कोंबड्यांत कोंबडा नसतो, म्हणून ही उबवली तरी पिल्लू होत नाही. आजीने माझ्या पायाला हळूच पाय लावला. मी गप्प बसले. आजीने त्यांचा रस्सा केला आणि निम्मा पातेल्यात घालून काकूंकडे पाठवला. वर झाकण म्हणून फराळाचे ताट ठेवले. ते ताट मीच घेऊन गेले. काकूंनी मला आत बोलावले. मी छबीला म्हणाले, "मी मारायला नको होतं." ती म्हणाली, "पिल्लं बाहेर आली का?"

सुट्टीनंतर मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले, की अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. त्यांतून आतल्या पिल्लाला हवा मिळते. कवचावर एक पातळ थर असतो, तो जंतूंना अडवतो. धुतले की तो निघून जातो. शिवाय ऊबदार अंडे गार पाण्यात घातले की आतला भाग आकसतो आणि बाहेरचे पाणी छिद्रांतून आत ओढले जाते. मग माझी आशा सुटली.

२१ वा दिवस तसाच गेला. २२ व्या दिवशी पहाटे आजीने मला उठवले. कोंबडीखालून चिवचिव ऐकू येत होती. मी तोंडही न धुता छबीला बोलवायला पळाले. आम्ही दोघी पाटीजवळ बसलो. दुपारपर्यंत सातांतून चार पिल्ले निघाली. तीन अंडी तशीच राहिली.

आजीने छबीला काम लावले. रोज पिल्लांना कण्या टाकायच्या आणि घार दिसली की ओरडायचे. तिने ते मनापासून केले. तरी एक पिल्लू घारीने नेलेच. एक मी छबीला दिले. दोन उरली, ती विकून सहलीचे पैसे पुरे होत नव्हते. घरी मागायची मला लाज वाटली, कारण आजीने मला अंडी दिली होती आणि ती राखणे माझे काम होते. म्हणून मी तापाचे सांगितले. प्रतापगड मी अजून पुस्तकातच पाहिला आहे. मला वाईट वाटले नाही असे नाही.

मित्रमैत्रिणींनो, लहान मुलाने आपली वस्तू मोडली तर राग येणारच. पण हात उचलण्याआधी "का केलंस?" एवढे विचारावे. आणि जी वस्तू जपायची, ती कशी जपायची हे त्याला आधी सांगावे. पालकांनाही एक विनंती आहे. आमची भांडणे संध्याकाळपर्यंत मिटतात. तुम्ही त्यात पडलात की दिवाळी जाते.

छबी आता पहिलीत आहे. तिला अजून जोडाक्षरे येत नाहीत. काल मी हे लिहीत असताना तिने विचारले, "ताई, काय लिव्हतीस?" मी म्हणाले, "तुझंच." ती म्हणाली, "माझ्या कोंबडीचं बी लिही. तिनं कालपास्नं अंडी घालायला सुरुवात केलीया."

म्हणून तेही लिहिले.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी