वाकडं अंगण

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण रचणाऱ्याने अंगण पाहिलं तरी होतं का, असं हल्ली सारखं मनात येतं. नाचणारीच खोटी, हे त्याने घरबसल्या ठरवून टाकलं.

आमच्या खानदेशातलं जुनं अंगण वाकडंच असायचं. धाब्याचं घर, मातीच्या भिंती. पाणी पायाशी मुरलं तर भिंत बसायची. म्हणून माती चोपतानाच रस्त्याकडे उतार काढायचा. आजी सारवण वाळल्यावर तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघायची. म्हणजे वाकडेपणा ही घराची सोय होती. पाय मुरगळायचा तो नवख्याचा.

ब्रिटनमधल्या दिव्यांगांनी १९७० च्या दशकात हेच विचारलं: आमचं अंग तपासता, अंगण कधी तपासणार? आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही व्याख्येत अडथळ्यांना जागा दिली. २१ प्रकारांत स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमताही आली. पण आरक्षणाला ४० टक्क्यांचा दाखला लागतो, आणि तो पायाचाच. अंगण किती टक्के वाकडं, ते कोणत्या सिव्हिलमध्ये मोजतात?

अंगण काळागणिकही बदलतं. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शाळाच मिळाली नाही, ती गोष्ट वेगळी. पण तेव्हाच्या बायकांत ते कुणाला खुपलंही नसेल. मुलाने, सोपानदेवांनी, गाणी उतरवून घेतली, त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं. आज अक्षरांशी झगडणारं तिसरीतलं पोर मात्र पहिल्याच चाचणीत ‘ढ’ ठरतं.

मेंदूच्याही तऱ्हा असतात, तो बिघाड नव्हे, हे न्यूरोडायव्हर्सिटीवाल्यांचं म्हणणंही मला पटतं. मग शेजारचा स्वमग्न मुलगा डोळ्यांपुढे येतो. कुकर फुसफुसायला लागला की शिट्टीआधीच तो तळहात कानांवर दाबतो, कोपरं छातीशी घेतो. आई आता डाळ पातेल्यातच शिजवते. वरातीचा डीजेही उद्या बंद करता येईल. पण मृगात आभाळ गडगडतं, ते काही समाजाने गडगडवलेलं नसतं.

ते दुखणं त्याचंच म्हणावं, तर फिरून पायाच्याच दाखल्याशी येतो. नाही म्हणावं, तर कानांवरचे हात खोटे ठरतात. त्यालाच विचारावं, तर तो बोलत नाही, चित्रांच्या कार्डांनी सांगतो. त्यांत ‘दुखतं’ आहे, ‘नको’ आहे. ‘कुणामुळे’ असं कार्ड नाही, आणि त्यावर चित्र काय काढायचं ते मलाही सुचत नाही.