सायकलवरची घोंगडी



हल्ली आषाढीच्या सुमारास तरुण मंडळी सायकलवरून पंढरपूरला निघतात. आमच्या नांदेड-लातूरकडची पोरेही जातात आणि निघण्याआधी विचारतात, "महाराज, पावसात अंगावर काय घालावे?" विचारतात ते रास्तच. 1975 पासून पंधरा-सोळा वर्षे मी अहमदपूर, लोहा, कंधार या भागातले सप्ताह सायकलवरूनच केले.

पहिली अडचण धोतराची. सोगा साखळीत गेला की माणूस खालीच. म्हणून काष्टा घट्ट मारून उजव्या पोटरीला सुतळी बांधायची. कीर्तनाचे शुभ्र धोतर, बंडी, उपरणे आणि फेटा मात्र मेणकापडात गुंडाळून कॅरिअरला. वाटेत कोरडे राहण्याची आशा धरूच नये, पोचल्यावर कोरडे नेसायला मिळावे एवढेच पाहावे.

खरी थंडी पावसापेक्षा घामाने बाधते, हे पुष्कळांना पटत नाही. दोन तास उभ्याने कीर्तन केले की बंडी पिळून निघते. तशीच अंगावर ठेवून मार्गशीर्षातल्या रात्री मन्याडच्या खोलगटात उतरले की वारा हाडापर्यंत जातो. सुती कापड ओले झाले की अंगाची ऊब ओढून घेते. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते. म्हणून बंडी बदलल्याशिवाय मी पायडलवर पाय ठेवत नसे. वरून लोकरीची बनियन, छातीवर वर्तमानपत्राची घडी, मग सदरा. कागदाची ही युक्ती फुकटची, पण वारा अडवण्यात तिला तोड नाही.

घोंगडी आपली लाडकी. संतांनी तिच्यावर रूपके रचली. तरी सायकलवर तिची खोळ घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत. भिजली की ओझे होते, कडा चाकात जाते, आणि कान झाकल्याने मागची मोटार ऐकू येत नाही. ती पाठीवर आडवी बांधावी, थांबल्यावर पांघरावी.

एका मार्गशीर्षात आम्ही माळेगावच्या यात्रेच्या वाटेवर असताना अवकाळी आला. बरोबरचा मृदंगी विशीतला, अंगात फक्त सुती सदरा. थोड्या वेळाने तो बोलेनासा झाला. उतारावर त्याची बोटे ब्रेकवर वळेनात. ओल्या लोखंडी रिमवर रबर तसेही धरत नाही. सायकल बांधावरून थेट काळ्या रानात गेली. चिखल होता म्हणून हाडे वाचली. ओला सदरा काढला, अंग पुसले, माझी कोरडी बंडी घातली, घोंगडीत गुंडाळले आणि आखाड्यावरच्या बाईने गुळाचा चहा पाजला. तासाभराने तो थरथरू लागला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. थरथरणे थांबलेला माणूस अधिक धोक्यात असतो. त्या रात्री कीर्तन टाळांवरच झाले.

काही जुने लोक याला देहाचे चोचले म्हणत. म्हणोत बापडे. मृदंगावर बोटे पडायची तर ती ऊबदार हवीत.

आजच्या पोरांकडे चांगले रेनकोट असतात. पण चढावर आतून घाम साठतो, तेव्हा गळ्याशी उघडे ठेवावे. निघताना थोडी थंडी वाजली तर बरेच, दोन मैलांत अंग तापते. लोकरीचे हातमोजे, कानटोपी आणि एक कोरडा जोड मेणकापडात. मुक्कामी बूट चुलीजवळ ठेवू नयेत, कातडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत. काकड्यापर्यंत बूट बऱ्यापैकी सुकतात, फक्त रात्रीतून बोळे एकदा बदलायला उठावे लागते.