टेस्ट राइड व्हाया किन्हवली

सेकंडहँड बाईक घेताना मिळणारी टेस्ट राइड म्हणजे निव्वळ कांदेपोह्यांचा कार्यक्रम! सोसायटीच्या गेटपासून नाक्यापर्यंत जायचं, यू-टर्न मारून परत यायचं. गाडी धुतलेली, टाकीवर पॉलिश आणि विकणारा शेजारी उभा राहून सांगतोय, 'एकदम टकाटक कंडिशन, सिंगल हँड वापरलीये.' खरा स्वभाव कळतो तो नंतर, लांब पल्ल्यावर.

माझी दीडशे सीसीची गाडी २०१७ची. कार्बोरेटरवाली. म्हणजे एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ नियम लागू होऊन नव्या गाड्यांतून कार्बोरेटर हद्दपार झाला, त्याच्या आधीची. घेतल्यावर तीन आठवडे घर ते स्टेशन, स्टेशन ते घर. तक्रार शून्य. मग एका रविवारी सकाळी साडेसहाला तिला बाहेर काढलं आणि रूट ठरवला : कल्याण, पडघा, शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड आणि परत कल्याण. शंभराच्या वर किलोमीटरचा मस्त गोल. यात हायवे आहे, खड्डे आहेत, चढ-उतार आहेत आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाटेतल्या प्रत्येक मोठ्या गावात गॅरेज आहे. नवीन घेतलेल्या जुन्या गाडीची परीक्षा घ्यायला आणखी काय हवं?

शहापूर : चेनची कुरकुर

मुंबई-नाशिक हायवेवर आसनगाव जवळ आलं की डावीकडे माहुलीचे सुळके दिसायला लागतात. ठाणे जिल्ह्यातला हा डोंगर ८५८ मीटर उंच. तिकडे बघत साठच्या स्पीडनं जाताना पायाखालून 'कट... कट... कट' असा आवाज सुरू झाला. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये हा आवाज हॉर्नच्या गोंगाटात कुठे ऐकू येणार?

आसनगाव स्टेशनबाहेर जरा थांबलो. बाईकच बाईक! आजूबाजूच्या गावांतली माणसं पहाटे इथं गाडी लावतात आणि लोकल पकडतात. आपल्याला बाईक म्हणजे वीकेंड. इथं गाडीनं सकाळी दगा दिला तर लोकल चुकते, लेटमार्क लागतो, रोजंदारीवाल्याचा खाडाच होतो. त्यामुळे इथल्या मेकॅनिकला 'परवा या' म्हणण्याची सोयच नाही.

शहापुरातल्या गॅरेजवाल्या पोरानं चेन बोटानं वर-खाली केली. 'ढिली हाय दादा. पण लय टाइट पण नाय करायची.' गाडी डबल स्टँडला लावून त्यानं मागचं चाक हळूहळू फिरवलं, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ढिली नसते. जिथं सर्वांत ताठ लागली तिथं इंचभर खेळ ठेवला. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या जुळवल्या, नाहीतर चाक तिरकं बसतं. चाक मागे सरकलं की मागचा ब्रेकही बदलतो, म्हणून तोही सेट केला. हे करताना तो सहज म्हणाला, 'ब्रेकमध्ये पण आता काय राहिलं नाय, बरं का.' ते मी डोक्यात ठेवलं.

किन्हवली : फुस्स!

शहापूरहून मुरबाडकडे निघालं की सापगावला भातसा नदीवरचा पूल लागतो. वरच्या अंगाला भातसा धरण. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांतलं हे सगळ्यात मोठं. १८९२चं तानसाही याच तालुक्यातलं. आपल्या ऑफिसातल्या कूलरमधलं पाणी बहुतेक इथूनच येतं. पण उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. रस्त्यात एक जण भेटला, सीटच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन बांधून चाललेला. त्याच्या बाईकला आरसे नव्हते, इंडिकेटर नव्हता, पण इंजिनचा आवाज घड्याळासारखा. जे लागतं ते ठणठणीत!

किन्हवलीच्या अलीकडे माझी गाडी मात्र गळपटली. आधी ओढ गेली, मग दोन आचके, मग बंद. टाकीत पेट्रोल अर्ध्याच्या वर. प्लगची कॅप बघितली, कॉक रिझर्व्हला टाकून बघितला. काहीच नाही. पाच-सात मिनिटं सावलीत उभा राहिलो आणि किक मारली, तर पहिल्या किकला चालू! थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तेच. आता टेन्शन आलं. कार्बोरेटर खोलायचा म्हणजे अर्धा दिवस गेला आणि कॉइल असेल तर खिसाही रिकामा.

किन्हवलीत एक वयस्कर मिस्त्री भेटले. दुकानात ओळीनं स्प्लेंडर उभ्या. १९९४ला आलेली ही गाडी या भागात अजून 'हिरो होंडा'च आहे. कंपनीच्या नावातला होंडा २०११मध्ये गेला, पण बोलण्यातून गेलेला नाही. मी लक्षणं सांगितली. काकांनी पान्याला हातच लावला नाही. मला म्हणाले, 'चालू करा, एक मोठी चक्कर मारून या. बंद पडली की झाकण उघडू नका, तशीच आणा.' गाडी बंद पडली, ढकलत आणली. त्यांनी टाकीच्या झाकणाला चावी लावली आणि आवाज आला : फुस्स! लगेच किक, लगेच चालू.

मामला असा. टाकीतलं पेट्रोल खाली उतरतं तेव्हा त्याच्या जागी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं. ते धुळीनं आणि पॉलिशनं बुजलं होतं. हवा आत जात नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. थोडा वेळ थांबलं की फटीतून जराशी हवा शिरते आणि गाडी पुन्हा शहाणी होते. घर ते स्टेशन एवढ्या अंतरात हा आजार दिसणंच शक्य नव्हतं. काकांनी तार फिरवली, हवेचा पाइप मारला. काम खल्लास! पैसे विचारले तर हसले, 'फुंकर मारायचे काय घेणार शेठ? चहा सांगा.'

सरळगाव : डावीकडे की उजवीकडे?

सरळगावला हा रस्ता कल्याण-माळशेज रोडला मिळतो. डावीकडे माळशेज, उजवीकडे मुरबाड. सकाळचे दहाच वाजलेले, गाडी सुसाट पळतेय, डावीकडे सह्याद्रीची भिंत बोलावतेय. कोणाला मोह होणार नाही? पण शहापूरच्या पोराचं वाक्य आठवलं. खाली वाकून मागच्या ड्रमवरचा बाण बघितला. ब्रेक दाबल्यावर तो बाण खुणेच्या पलीकडे जात होता, म्हणजे ब्रेक शू संपलेले. अशा गाडीवर घाट चढायला काहीच वाटत नाही, प्रश्न उतरताना येतो. उजवीकडे वळलो.

मुरबाडला शू बदलले, ड्रमला आतून पॉलिश पेपर मारून घेतला. गॅरेजमध्ये बसलेले एक आजोबा माझी सगळी चौकशी ऐकत होते. म्हणाले, 'गाडी घ्यायच्या आधी म्हसाच्या बाजारात यायचं होतं.' मुरबाडजवळच्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते, बैलबाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. तिथं गिऱ्हाईक बैलाच्या रंगाला आणि रंगवलेल्या शिंगांना भुलत नाही. दात बघतो, खूर बघतो आणि बैल चालवून बघतो. 'उभा बैल सगळेच चांगले दिसतात,' आजोबा म्हणाले. 

दुपारी कल्याणला पोचलो तेव्हा मागचा ब्रेक अर्ध्या दाबात लागत होता आणि चेन गप्प होती. माळशेज पुढच्या रविवारी.

तुम्ही निघण्याआधी...

* टायरचं वय : बाजूवर कोरलेले चार आकडे वाचा. २३१७ म्हणजे २०१७चा २३वा आठवडा. नक्षी चांगली असली तरी रबर म्हातारं असू शकतं.
* हँडल : पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मध्येच अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला.
* क्लच : लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर खेळ हवाच. केबलचे धागे सुटले असतील तर तुटायची वाट बघू नका.
* सोबत : प्लग आणि त्याचा पाना, एक क्लच केबल, पक्कड, बारीक तार.
* कागद : फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही घ्या. विमा नावावर करण्यासाठी विमा कंपनीला १४ दिवसांत कळवा, मालकी बदलाचा अर्ज आरटीओकडे ३० दिवसांत करा. गाडी १ एप्रिल २०१९च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का, तेही बघा.